जपानी वाचायला शिकायचंय? आधी रोमाजी सोडा, वर्णमाला आठवा

हे वाचायच्या आधी एक काम करा. हिरागानाचा, म्हणजे जपानीच्या पहिल्या मूळ लिपीचा, तक्ता प्रिंट करून शेजारी ठेवा, नाहीतर मोबाईलवर उघडा, कारण मी इथे जपानी अक्षरं टाकणार नाहीये, ती तुम्ही तक्त्यात शोधायची आणि वहीत काढायची, तेवढाच हात वळेल. मी कुणी सेन्सेई, म्हणजे जपानी शिक्षक, वगैरे नाही. चाकणला एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे, जपानहून ड्रॉइंग यायची आणि त्यांचा टायटल ब्लॉक, म्हणजे कोपऱ्यातली माहितीची चौकट, बघूनच घाम फुटायचा, म्हणून पस्तिशीत वही-पेन्सिल घेऊन बसलो. बोलायला आजही धड जमत नाही, पण वाचता येतं, त्यामुळे इथे फक्त वाचण्याबद्दलच लिहितोय.

पहिल्यांदा माझी चूक सांगतो. क्लासच्या पुस्तकात मी प्रत्येक हिरागाना अक्षराच्या डोक्यावर पेन्सिलने देवनागरी लिहून ठेवायचो, का, सा, ता असं, आणि दोन महिने झरझर वाचत होतो, मला वाटलं काय सोपंय राव. मग एक दिवस सरांनी दुसऱ्याच कुठल्यातरी पुस्तकाचं झेरॉक्स पान हातात दिलं, कोरं, आणि मला पहिली ओळसुद्धा वाचता आली नाही. दोन महिने मी देवनागरीच वाचत होतो की. रोमाजीचं, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या जपानीचं, अगदी हेच होतं, अ‍ॅपमध्ये खाली रोमाजी दिसत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन आजच बंद करा. उच्चार लिहायचाच असेल तर कार्डाच्या मागच्या बाजूला लिहा, अक्षराच्या वर कधीच नाही.

आता चांगली बातमी. तक्ता ओळीने म्हणून बघा. अ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. काही ऐकल्यासारखं वाटतंय? आपलं क, च, त, न, प, म, य, र, व आठवा. हा योगायोग नाहीये, जपानमधले बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी संस्कृत शिकायचे, सिद्धम नावाच्या जुन्या भारतीय लिपीत, कूकाइ नावाचा मोठा भिक्षू ८०४ साली चीनला गेला आणि ८०६ मध्ये परतला तो हे सगळं शिकून, आणि अशा संस्कृतच्या अभ्यासातूनच जपानी अक्षरांची ही मांडणी आली. तिकडे कबरीजवळ लाकडी फळ्या उभ्या करतात ना, त्यांच्यावर आजही सिद्धम अक्षरं असतात. म्हणजे बाकीचे लोक जो क्रम घोकून पाठ करतात तो आपण पहिलीतच पाठ केलाय.

मग प च्या जागी हा कसा आला? तर त्या ओळीचा उच्चार फार पूर्वी प होता, नंतर बदलत बदलत ह झाला. हे कळलं की पुढची एक भानगड आपोआप सुटते. अक्षराच्या खांद्यावर दोन छोट्या रेघा मारल्या की कठोर व्यंजन मृदू होतं, का चा गा, सा चा झा, ता चा दा, इथपर्यंत सगळं व्याकरणात शिकलो तसंच आणि मग हा चा एकदम बा! इंग्रजीतून शिकणारे इथे डोकं खाजवतात, आपण म्हणायचं प चा ब झाला, बरोबरच आहे. आणि रेघांऐवजी छोटं वर्तुळ काढलं की पा.

उच्चारातही आपली बरीच सोय आहे. ता च्या ओळीत ता, चि, त्सु, ते, तो असं येतं आणि त्सु म्हटलं की इंग्रजीवाल्यांची बोबडी वळते, आपल्याकडे तो उच्चार घरातच आहे, 'चूल' म्हणा, त्यातला चू म्हणजे जवळजवळ तोच. आणि चि हा 'चिंच' मधला. तसंच झु म्हणजे 'जुना' मधला जु, 'जुलै' मधला नाही. तक्त्याच्या शेवटी एकटं बसलेलं न् चं अक्षर आहे ते सरळ अनुस्वार समजा, पुढे प-ब-म आला की म्, क-ग आला की ङ्, अंबा, अंत, अंग मध्ये जीभ आपोआप वळते तसं. शॉपफ्लोअरवर आपण माल मागवायच्या कार्डांना कानबान कानबान म्हणतो ते खरं तर काम्बान.

बरं, आता प्रत्यक्ष कसं करायचं. हिरागानाची मूळ अक्षरं ४६. पाच-पाचच्या आठ ओळी, या च्या ओळीत तीन, वा च्या ओळीत दोन आणि तो अनुस्वार. रोज एक ओळ घ्या, दहा दिवसांत तक्ता संपतो. घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतील, त्यांची कोरी बाजू कापून कार्डं करा, एका बाजूला अक्षर, मागे उच्चार. सकाळी नवीन पाच अक्षरं प्रत्येकी दहा-बारा वेळा काढायची, रेघांचा क्रम तक्त्यात दाखवलाय तसाच (हा क्रम म्हणजे उगाच शिस्त नाही, पुढे हाताने लिहिलेलं वाचताना कुठली रेघ कुठून ओढत नेलीय ते त्यावरूनच कळतं), आणि रात्री आतापर्यंतची सगळी कार्डं पिसून वाचायची. क्रमाने वाचायची नाहीत, कारण क्रम तर आपल्याला पाठच आहे, डोळे मिटूनही म्हणू.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून सारखी दिसणारी अक्षरं छळायला लागतात, ती वेगळी काढून एकाखाली एक लिहा. ने, रे आणि वा या तिघांचं डावं अंग सारखंच, फरक फक्त उजव्या शेपटीत, ने ची शेपटी गाठ मारून संपते, रे ची बाहेर वळते, वा ची आत पोटाकडे येते. मे आणि नु मध्ये नु ला शेवटी गाठ. रु आणि रो मध्ये रु ला खाली गाठ. थोडक्यात गाठ कुठेय ते बघत जा. आणि एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. सा आणि कि ही अक्षरं छापील फॉन्टमध्ये सलग दिसतात आणि हाताने लिहिताना खालचा बाक तुटलेला, वेगळा असतो. मी वहीत पुस्तकातलं बघून सलग काढायचो आणि बोर्डवरचं तुटलेलं अक्षर बघून हे कुठलं नवीन म्हणून तक्त्यात शोधत बसायचो. दोन्ही तेच आहे.

ह्रस्व-दीर्घ आणि द्वित्व, या दोन गोष्टींवर मात्र वेळ घालवा. ओबासान म्हणजे काकू-मावशीच्या वयाची बाई आणि ओबाआसान म्हणजे आजी, मधे फक्त एक जादा अ चं अक्षर, ते डोळ्यातून सुटलं की वाट लागली. तसंच तो त्सु कधीकधी अर्ध्या आकाराचा, खाली बसलेला दिसतो, तेव्हा तो वाचायचाच नसतो, पुढचं व्यंजन दुप्पट करायचं असतो. किते म्हणजे 'ये' आणि त दाबून कित्ते म्हटलं की पोस्टाचं तिकीट. आपल्याकडे मका आणि मक्का यात फरक आहे तेवढाच फरक, पण लिहिताना तो सगळा त्या बारक्या त्सु वर अवलंबून.

काताकाना दुसऱ्या पंधरवड्यात घ्या, त्याआधी नको. तीच ४६ अक्षरं, आकार वेगळे, कोनदार. परभाषेतून आलेले शब्द यात लिहितात. लोक कंटाळा करून हे अर्धवट सोडतात आणि पुढे वर्षभर रडतात. इथला कुप्रसिद्ध चौकडा म्हणजे शि, त्सु, सो आणि न्. शि आणि न् यांच्या छोट्या रेघा आडव्याकडे झुकलेल्या असतात आणि मोठी रेघ खालून वर जाते. त्सु आणि सो च्या छोट्या रेघा उभ्या, वरच्या कडेला धरून आणि मोठी रेघ वरून खाली. दहा वेळा काढा, हाताला कळतं, नुसतं बघून कळणार नाही.

काताकाना वाचायची युक्ती एकच, मोठ्याने वाचा. जपानीत आपल्यासारखी जोडाक्षरं नाहीत त्यामुळे न् सोडला तर प्रत्येक व्यंजनामागे स्वर चिकटतो, रेसुतोरान असं मनात वाचलं तर काहीच कळत नाही, मोठ्याने दोनदा म्हटलं की रेस्टॉरंट! लांब आडवी रेघ दिसली की आधीचा स्वर ओढायचा, आणि ती रेघ खाऊ नका, बिरु म्हणजे बिल्डिंग आणि बीरु म्हणजे बिअर. काही शब्द कापलेले असतात, एआकोन म्हणजे एसी, रिमोकोन म्हणजे रिमोट, पासोकोन म्हणजे पर्सनल कॉम्प्युटर. आणि सगळं इंग्रजीतून आलंय असं धरून चालू नका. पान असं वाचलंत तर ते विड्याचं पान नाही, तो ब्रेड, पोर्तुगीजांनी तिकडे नेलेला शब्द, आणि आपला पाव त्याच पोर्तुगीज शब्दातून गोव्यामार्गे आपल्या ताटात आलाय. हे कळल्यापासून तो शब्द मी विसरलेलो नाही.

दोन्ही काना, म्हणजे हिरागाना आणि काताकाना, झाले की पहिला खरा धक्का बसतो, शब्दांमध्ये जागाच सोडलेली नसते. मोडी वाचायचा कधी प्रयत्न केला असेल तर हे दुखणं ओळखीचं वाटेल, तिथेही आधी आडवी रेघ आखून सलग लिहीत जातात, शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ठरवायचं. जपानीत यावर एक जुना विनोद आहे. कोकोदेहाकिमोनोओनुइदेकुदासाइ, असं सगळं हिरागानात लिहिलंय समजा. कोको दे, हाकिमोनो ओ असं तोडलं तर 'इथे चपला-बूट काढा'. पण हा चं अक्षर प्रत्यय म्हणून आलं की त्याचा उच्चार वा होतो, मग कोको देवा, किमोनो ओ असंही तुटतं आणि अर्थ होतो 'इथे किमोनो काढा'. एका अक्षरावरून माणूस दारात कपडे काढायला लागायचा.

यातून वाचवते ती कांजी, म्हणजे चीनमधून आलेली अर्थ सांगणारी अक्षरं, जिला सगळे घाबरतात. नेहमीच्या जपानी मजकुरात शब्दाचं मूळ कांजीत असतं आणि त्याला लागणारे प्रत्यय हिरागानात. त्यामुळे ओळ बघितली की दाट-विरळ, दाट-विरळ असं दिसतं, दाट अक्षर आलं की नवा शब्द सुरू झाला असं धरायचं, बहुतेक वेळा बरोबर येतं. एक वाक्य घेऊ. वाताशि वा माइनिचि देन्शा दे काइशा नि इकिमासु. वाताशि म्हणजे मी, एक कांजी. वा हिरागानात. माइनिचि म्हणजे रोज, दोन कांजी. देन्शा म्हणजे ट्रेन, दोन कांजी, मग दे हिरागानात, म्हणजे आपला 'ने'. काइशा म्हणजे कंपनी, पुन्हा दोन, मग नि, म्हणजे 'त' किंवा 'ला'. शेवटी जाण्याची एक कांजी आणि तिला हिरागानाची शेपटी, किमासु. आता मराठी लावा, मी रोज ट्रेनने कंपनीत जातो. क्रम जसाच्या तसा! क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे. म्हणून माझं ऐका, अर्थ लावताना इंग्रजी मधे आणूच नका, इंग्रजीत आणलं की वाक्य उलटंपालटं करावं लागतं आणि मग परत मराठीत सुलटं. नो म्हणजे चा-ची-चे, कारा म्हणजे पासून, मादे म्हणजे पर्यंत, मो म्हणजे 'पण' किंवा 'ही'. पुणे कारा मुंबई मादे. आणि प्रश्नाच्या शेवटी चक्क का! इकिमासु का, जाता का? वाक्याच्या शेवटी ने आला तर तो आपला 'ना', छान आहे ना मधला. हे दोन मात्र नुसते योगायोग आहेत, उगाच कुणाला जपानी मराठीतून निघाली असं सांगत फिरू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर तेवढे फॉरवर्ड पुरेत.

प्रत्ययांमध्ये तीन ठिकाणी लिहितात एक आणि वाचतात एक. हा चा वा होतो हे आलंच, 'हे' असा उच्चार असलेलं अक्षर 'कडे' या अर्थाने आलं तर नुसतं ए वाचायचं आणि वो चं ते विचित्र दिसणारं अक्षर नुसतं ओ. तीनच आहेत, पाठ करून टाका.

आता कांजी. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या जोयो यादीत २१३६ आहेत, २०१० ची सुधारित यादी, आणि प्राथमिक शाळेच्या सहा इयत्तांत मिळून १०२६ शिकवतात. हे आकडे बघून पुस्तक मिटू नका, पहिलीच्या पोरांना वर्षभरात फक्त ८० शिकवतात, आपणही तेवढ्यांनीच सुरुवात करायची. झाड म्हणजे कि, दोन झाडं शेजारी काढली की हायाशि म्हणजे झाडी, तीन काढली की मोरि म्हणजे जंगल, माणूस झाडाला टेकला की विश्रांती.

पण मला कांजीची खरी गोडी लागली ती कंपनीच्या भिंतीवर. चाकण-रांजणगाव पट्ट्यात कुठल्याही कंपनीत फाइव्ह एसचा, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या पाच जपानी नियमांचा, बोर्ड असतो, सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके, आम्ही ट्रेनिंगला पोपटासारखं म्हणायचो. एकदा जपानी कस्टमरने आणलेलं पोस्टर बघितलं, त्यावर कांजी होत्या. बघतो तर पहिल्या दोन शब्दांतली सेइ वेगळी आणि पुढच्या दोन शब्दांतली वेगळी! सेइरी-सेइतोनची सेइ म्हणजे नीट लावणं, तिच्या खालच्या अर्ध्या भागात 'बरोबर' अर्थाची कांजी बसलेली आहे. सेइसो-सेइकेत्सुची सेइ म्हणजे स्वच्छ, तिच्या डाव्या अंगाला पाण्याचे तीन थेंब. हे तीन थेंब दिसले की समजायचं पाण्याशी संबंध, समुद्र, तळं, पोहणं, सगळ्यांत आहेत. आणि उजवीकडे जी निळ्या रंगाची कांजी आहे ती इथे अर्थापेक्षा आवाज द्यायला बसलीय, तिचा आवाज सेइ. त्याच निळ्याच्या डावीकडे थेंबांऐवजी सूर्य ठेवला की निरभ्र आकाश, आवाज परत सेइ. म्हणजे एक बाजू अर्थ सांगते, दुसरी आवाज. सगळ्या कांजींना हे लागू होत नाही पण भरपूर ठिकाणी चालतं. आणि शेवटचं शित्सुके, म्हणजे शिस्त, वळण, ती कांजी 'शरीर' अधिक 'सुंदर' अशी आहे आणि चीनमधून आलेली नाही, जपानमध्येच घडवलेली. दहा वर्षं मी त्या बोर्डाखालून जात होतो.

एका कांजीचे दोन-दोन, तीन-तीन उच्चार का, यावर लोक वैतागतात. वैतागू नका, आपण हेच करतो. नुसतं असेल तेव्हा पाणी, आणि जोडशब्दात गेलं की जल, जलतरण, जलप्रवास, पाणीतरण कुणी म्हणत नाही. तसंच पाण्याची कांजी एकटी असली की मिझु, हा मूळ जपानी शब्द, आणि दुसऱ्या कांजीशी जोडली गेली की सुइ, हा चिनीतून आलेला. सुइदो म्हणजे नळाचं पाणी, सुइयोबि म्हणजे बुधवार. बुधवारात पाणी कुठून आलं? जपानीत बुध म्हणजे पाण्याचा तारा, मंगळ आगीचा, गुरू लाकडाचा, शुक्र सोन्याचा, शनी मातीचा. रवि, सोम, मंगळ, बुध, आपल्याच वारांचा क्रम, त्यामुळे सात वार पाठ केले की सात उपयोगी कांजी फुकटात मिळतात. म्हणून उच्चारांच्या याद्या पाठ करू नका, शब्द पाठ करा, उच्चार शब्दाबरोबर येतो. काही शब्द तर नियमाला जुमानतच नाहीत, मोठा अधिक माणूस या दोन कांजी मिळून ओतोना, म्हणजे प्रौढ, तो अख्खाच लक्षात ठेवायचा.

सरावाला काय वाचायचं? पहिल्या महिन्यापासून खऱ्या वस्तू वाचा. जपानी एसीच्या रिमोटचा फोटो शोधा, थांबवण्याचं बटण तेइशि, थंड हवा रेइबो, गरम हवा दान्बो, पाच-सहा शब्दांत रिमोट आपला होतो. माझ्यासारखे ड्रॉइंगवाले असाल तर हिन्मेइ म्हणजे पार्टचं नाव, हिन्बान म्हणजे पार्ट नंबर, झाइशित्सु म्हणजे मटेरियल, कोसा म्हणजे टॉलरन्स, शोनिन म्हणजे मंजुरी. हे पाच आल्यावर टायटल ब्लॉक बघून घाम फुटायचा बंद झाला. फोनवर जपानी कीबोर्ड टाका आणि वाचलेले शब्द टाइप करून योग्य कांजी यादीतून निवडा, ही निवड म्हणजे वाचनाचाच सराव. कॅमेऱ्याने भाषांतर करणारं अ‍ॅप वापरा, पण आधी स्वतः अंदाज लिहून मग. आंकी नावाचं फ्लॅशकार्डचं सॉफ्टवेअर चांगलंय, आंकी या शब्दाचा अर्थच पाठांतर, फक्त तिथे दुसऱ्याची हजारो कार्डांची थप्पी उतरवून घेऊ नका, आपल्याला भेटलेला शब्दच आपल्या कार्डावर घाला.

मुलांच्या पुस्तकांत आणि बऱ्याच मांगांमध्ये, म्हणजे जपानी कॉमिक्समध्ये, कांजीच्या शेजारी बारीक हिरागाना छापलेली असते, तिला फुरिगाना म्हणतात, सुरुवातीला तशीच पुस्तकं घ्या, आणि उभा मजकूर उजवीकडून डावीकडे जातो हे लक्षात ठेवा, नाहीतर मांगाचा शेवट आधी वाचाल. एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या सोप्या जपानीतल्या बातम्यांनाही फुरिगाना असते, पण त्या काना पक्के झाल्यानंतर तीन-चार महिन्यांनी. परीक्षा द्यायची असेल तर जेएलपीटी, १९८४ पासून चालू आहे, एन फाइव्ह सर्वात सोपी, जुलै आणि डिसेंबरला असते, पुण्यात सेंटर आहे. एन फाइव्हला १८० पैकी ८० मार्क लागतात, सगळे प्रश्न पर्यायांचे, लिहायचं काहीच नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला ती सोयीचीच. फक्त ऐकण्याच्या भागात ६० पैकी किमान १९ पाहिजेत, तिथे आमच्यासारखे नुसते वाचणारे आपटतात, मी पहिल्यांदा तिथेच आपटलो.

आणि तादोकु शोधा, म्हणजे भरपूर वाचन. त्या नावाच्या संस्थेची पातळीवार छोटी पुस्तकं नेटवर फुकट आहेत, अगदी शून्य पातळीपासून, पानावर एखादं वाक्य आणि मोठं चित्र. त्यांचे नियम चार, सोप्यापासून सुरू करा, डिक्शनरी बघू नका, कळलं नाही ते सोडून पुढे जा, मजा येत नसेल तर ते पुस्तक ठेवून दुसरं घ्या. मला डिक्शनरी न बघणं जाम जड गेलं, क्वालिटीवाला माणूस, एक शब्द सोडून पुढे जायचं म्हणजे रिजेक्शन पास केल्यासारखं वाटतं. शेवटी फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावला आणि ते बारकंसं पुस्तक वाचायला वीस मिनिटं घेतली, तीन शब्द कळले नाहीत, चित्रावरून भागलं. दुसऱ्या दिवशी तेच परत वाचलं तर सहा मिनिटं लागली आणि तीनातला एक शब्द आपोआप कळला होता.